जनावरं आत्याकडे

रविवारी दुपारी खेळायचं असेल तर दार उघडं ठेवायचं आणि कुंदा वन्सं खोलीत बसतील, अशा आईच्या दोन अटी होत्या. साव्हियो आणि प्रमोद हे माझे कॉलेजातले मित्र. मी एकोणीस वर्षांची. लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन तरुण मुलं दर रविवारी एका मुलीच्या घरी येतात, चार-चार तास बसतात, समोर ना कॅरम ना पत्ते ना अभ्यासाची पुस्तकं, नुसते कागद, पेन्सिली आणि काहीतरी बडबड, हे शेजारणींना कसं सांगायचं हा आईपुढचा प्रश्न होता. तिला स्वतःलाच ते कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही कळलं नव्हतं. मी बसत होते, फासे टाकत होते, सगळे हसले की हसत होते, आणि संध्याकाळी मुलं गेल्यावर आपण आज नक्की काय केलं याचा विचार करत भांडी घासत होते.

खेळ साव्हियोने आणला होता. तो माहीमचा. त्याचा एक मामा जहाजावर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक जाड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे आणले होते. चार तोंडांचा, आठ तोंडांचा, वीस तोंडांचा असे. पुस्तक मामाने परत मागितलं, म्हणून साव्हियोने त्याची झेरॉक्स काढून घेतली होती, आणि त्या झेरॉक्सवाल्याने घाईत मधली काही पानं गाळली होती. ते लक्षात आलं तोपर्यंत मामा पुन्हा समुद्रावर गेला होता. खेळात सोंगटी नाही, पट नाही. साव्हियो एक गोष्ट सांगायला लागायचा: तुम्ही एका पडक्या किल्ल्यापाशी आलात, दरवाजा बंद आहे, आतून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज येतोय, काय करता? आणि आम्ही प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वतीने सांगायचं, मी हे करतो, मी ते करते. जमलं की नाही ते फासा ठरवणार. पात्राला एक धंदा असायचा. प्रमोद काळाचौकीचा, सरळ माणूस, त्याने सरळ योद्धा घेतला होता, तलवार आणि ढाल, विषय संपला. मला मात्र ठरवता येईना. जंगलात माग काढणारी वाटाडी व्हावं असं वाटे, आणि मंत्र येणारी मांत्रिकही व्हावं असं वाटे.

"दोन्ही घेता येतं," साव्हियो म्हणाला. "पण मग दोन्हीकडे अर्धी-अर्धी राहशील. फुल काहीच नाही."

"चालेल," मी म्हटलं.

"नंतर रडायचं नाय, सुलू."

माझ्या पात्राचं नाव रेवा ठेवलं आणि घोळ सुरू झाला तो जनावरांचा. वाटाड्याला खेळात एक सोबती जनावर मिळतं. बरोबर चालतं, लढतं, माग काढतं, पण बोलत नाही. मांत्रिकालाही एक जीव मिळतो, तो वेगळा. तो मंत्राने बांधलेला असतो, धन्याशी बोलतो आणि धन्याच्या मनातलं त्याला कळतं. आता रेवा दोन्ही होती. मग तिला जनावर एक की दोन? आणि दोन असतील तर त्यांची ताकद रेवाच्या सगळ्या अनुभवावर मोजायची, की वाटाड्याच्या अर्ध्यावर एकाची आणि मांत्रिकाच्या अर्ध्यावर दुसऱ्याची? नेमकं हेच पान गळालं होतं. आमचे दोन रविवार या एका प्रश्नात गेले. प्रमोद म्हणायचा एकच द्यायचं, नाहीतर हिची माणसं तीन आणि माझा मी एकटा. साव्हियो म्हणायचा दोन द्यायची, पण दोन्ही कमजोर. मी कधी याच्या बाजूला, कधी त्याच्या. माझी मुलगी आता लोअर परळच्या एका कॅफेत हाच खेळ खेळायला जाते, कॉफीचे मग आणि रंगीत फासे घेऊन. परवा तिला विचारलं तर तिने मोबाइलमधून तो नियम अर्ध्या मिनिटात काढून दाखवला. स्पष्ट लिहिलेला आहे. मी तो दोनदा वाचला आणि मला तो तेव्हाइतकाच कळला नाही.

कुंदाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. तेव्हा अडतीस वर्षांची, लग्न न झालेली, आमच्याच घरात राहायची. बाबा भायखळ्याच्या एका छापखान्यात होते आणि आत्या परळला जनावरांच्या दवाखान्यात. केसपेपर लिहायचे, डॉक्टर सुई देत असताना जनावर धरायचं, पट्टी बांधायची, असं तिचं काम. संध्याकाळी ती जिन्यात आली की आधी फिनेलचा वास यायचा, मग ती. आई तिच्यासाठी मोरीत गरम पाणी काढून ठेवायची, आणि आत्या कोपरापर्यंत हात साबणाने दोन-दोनदा धुवायची तरी वास जायचा नाही. हातांवर मांजरींच्या नखांचे ओरखडे, काही ताजे, काही पांढरे पडलेले. घरात ती फार बोलायची नाही. बाबांशी दोन शब्द मालवणीत, आईशी कामापुरतं, माझ्याशी माझ्या परीक्षेपुरतं. आम्हाला वाटायचं, हिला बोलायला आवडत नाही. रविवारी ती आईने घातलेल्या अटीप्रमाणे खिडकीपाशी पाट घेऊन बसायची. सुकट निवडायची, नाहीतर कुळीथ पाखडायची. खालच्या गल्लीत मसाल्याचं कांडप होतं. उन्हाळ्यात तिथे दिवसभर मिरच्या कुटल्या जायच्या आणि तिखटाचा ढग वर आमच्या खोलीत यायचा. साव्हियो मोठ्या गंभीरपणे राक्षसाचं वर्णन करत असायचा आणि आम्ही तिघं शिंकत असायचो. आत्या शिंकायची नाही. तिला सवय होती.

एका रविवारी साव्हियोने आमच्यासमोर एक अस्वल आणलं. गुहेतून बाहेर आलेलं, दोन पायांवर उभं. मी म्हटलं, माझा कुत्रा त्याच्यावर झेप घेतो. पुस्तकात लांडगा होता, पण मला लांडगा कधी डोळ्यांसमोर येईना, म्हणून मी कुत्रा घेतला होता, बंड्या नावाचा. साव्हियो फासा उचलणार इतक्यात खिडकीपासून आवाज आला.

"तो जावचो नाय."

आम्ही तिघांनी मान वळवली. आत्या सुकटीतला कचरा काढत होती, वर बघितलंही नाही तिने.

"कोण नाही जाणार, आंटी?" साव्हियोने विचारलं.

"कुत्रो. आपल्या दसपट जनावर समोर इला तर कुत्रो पयलो वास घेता, मग मागे सरता, मग भुंकता. झेप कसली घेता? तेका काय मराचां आसा?"

"आंटी, तो ट्रेन्ड आहे."

"ट्रेन्ड आसलो तरी कुत्रोच ना?"

प्रमोद हसला. साव्हियो मात्र हसला नाही. तो विचार करत राहिला, आणि मग म्हणाला, "मग आंटी, तुम्हीच चालवा ना त्याला. सुलूला नाही जमत." मला राग आला. जनावर माझं होतं. पण आत्याने सुकटीचं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पाट घेऊन आमच्यात येऊन बसली. एक की दोन याचा निकालही तिनेच लावला. तिला साव्हियोने सगळा घोळ समजावून सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दोनी रवांदेत. मी सांभाळतंय." दोन्ही राहू देत, मी सांभाळते. आणि खरंच, एका माणसाकडे दोन्ही जनावरं गेल्यावर भांडायला काही उरलंच नाही.

मांत्रिकाचा जीव म्हणून पुस्तकात घुबड होतं. आईला ते चाललं नाही. "घुबडाचं नाव घरात काढायचं नाही, आणि ते मंत्रानं बांधलेलं वगैरे तर मुळीच नाही," असं तिने स्वयंपाकघरातूनच सांगितलं. आत्या म्हणाली, मग भारद्वाज घ्या. भारद्वाज दिसला की शुभ, त्यावर आईला बोलायला जागा राहिली नाही. साव्हियोला भारद्वाज माहीत नव्हता. आत्याने त्याला त्याचे तांबूस पंख आणि लाल डोळा असं सगळं वर्णन करून सांगितलं आणि वर तो घुमल्यासारखा आवाज काढून दाखवला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आत्याने घरात असा कुठलाही आवाज काढलेला आम्ही कुणी कधी ऐकलेला नव्हता.

ती दोन जनावरं कशी चालवायची ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुत्र्यासाठी ती तोंडातून शब्द काढायची नाही. डावा हात सतरंजीवर पालथा ठेवायची, तोच कुत्रा. रेवाबरोबर चालतोय तर हात सरकत माझ्या कागदापाशी यायचा. घाबरला तर हात पदरात जायचा. काही वास आला तर एक बोट उचललं जायचं, आणि साव्हियो लगेच म्हणायचा, बंड्याला काहीतरी कळलंय. पाखराचं उलट. पाखरू बोलायचं, आणि ते चक्क शुद्ध मराठीत बोलायचं. "त्या माणसावर विश्वास ठेवू नकोस, रेवा. त्याने तुझ्या डोळ्यांत एकदाही पाहिलेलं नाही." असं. मला आठवतं, पहिल्यांदा हे ऐकल्यावर मी आत्याकडे बघतच राहिले. ही भाषा हिने कुठून आणली? दवाखान्यात येणारे लोक असं बोलतात, की रेडिओ ऐकून, की ती मनात नेहमी अशीच बोलत होती? पाखरू धीट होतं, टोचून बोलायचं, प्रमोदच्या योद्ध्याला "ढालीमागचा शहाणा" म्हणायचं. प्रमोदला ते फार आवडे. साव्हियोच्या आईने कधी डबाभर फुगे, मैद्याचे ते गोल वडे, तळून पाठवले की आत्या पाखराच्या आवाजात "दोन माझ्यासाठी ठेवा" म्हणायची आणि हळूच एक बंड्यापुढे, म्हणजे आपल्याच डाव्या हातापुढे, ठेवायची. बाहेरून येणाऱ्या बायका दारात थबकून बघायच्या. आई त्यांना सांगायची, "वन्सं नाटक बसवतायत मुलांचं." ते त्यांना पटायचं.

तेव्हाच शीवचं स्थळ आलं. परब आडनावाचे, पंचेचाळिशीचे, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, कुठल्याशा कचेरीत नोकरी. बाबांच्या छापखान्यातल्या कुणीतरी सुचवलं. ते एका सकाळी येऊन गेले. अंगाने किरकोळ, केस नीट विंचरलेले, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. आईने पोहे केले होते, त्यांनी दोन बशा खाल्ल्या आणि "मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मला ते फार विनोदी वाटलं. ते गेल्यावर मी आत्याला हसवायला त्यांची नक्कल केली, तर ती हसली नाही, रागावलीही नाही, तिने बशा उचलल्या. बाबांनी संध्याकाळी विचारलं, "कुंदा, काय तां सांग." ती म्हणाली, "तुमीच ठरवा." बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. तेच उत्तर. बाबा हतबल झाले. त्यांना बहिणीला ढकलायचं नव्हतं आणि हातचं स्थळही घालवायचं नव्हतं. आई म्हणायची, गप्प आहे म्हणजे होच. बाबा म्हणायचे, ती नेहमीच गप्प असते, मग सगळ्यालाच हो का? घरात आठवडाभर कुणाचंच लक्ष जेवणात नव्हतं. सोलकढी दोनदा फाटली.

मला काय वाटत होतं, हे लिहिताना मी अडखळतेय. मला वाटत होतं की आत्या गेली तर जनावरं कोण चालवणार. दुसरंही काही वाटत असेल, तिची सवय, तिची माया. पण या वयात खोटं लिहून काय करायचं. पहिलं मनात आलं ते जनावरांचंच.

त्या रविवारी रेवा एका ओढ्याकाठी बसली होती. भर दुपार, प्रमोदचा योद्धा पाणी भरायला गेलेला. आणि मला ती युक्ती सुचली. झेरॉक्समध्ये न गळालेल्या एका पानावर लिहिलं होतं की बांधलेला जीव धन्याशी खोटं बोलू शकत नाही. मी म्हटलं, "मी पाखराला विचारते."

"विचार," साव्हियो म्हणाला.

"पाखरा, आत्याला लग्न करायचंय का?"

साव्हियोने पेन्सिल खाली ठेवली. "सुलू, यार, हे गेममध्ये नाय."

"विचारू दे," आत्या म्हणाली. पण हे ती स्वतः म्हणाली की पाखरू, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. शुद्ध मराठी होती, आवाज मात्र तिचा, रोजचा. मग पाखरू बोललं, हे नक्की पाखरूच. "नाही. पाखराला झाड बदलायचं नाही. इथल्या फांद्या त्याला ठाऊक आहेत."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. आणि त्याच वेळी प्रमोद म्हणाला, "ए, कुत्रा कुठे चालला?" आम्ही खाली बघितलं. आत्याचा डावा हात माझ्या कागदापासून सरकत सरकत सतरंजीच्या पार काठाशी गेला होता, उघड्या दाराच्या दिशेने. आत्यानेही तो बघितला, आम्ही बघितल्यानंतर. साव्हियो म्हणाला, "भूक लागली असेल त्याला," आणि सगळे हसले, आणि खेळ पुढे गेला. पाखरू बोलतं, कुत्रा बोलत नाही. जो बोलतो त्याचं ऐकायचं, एवढीच माझी अक्कल होती.

सोमवारी सकाळी बाबा दाढी करत होते. मी त्यांच्या आरशामागे उभी राहून सांगितलं, "बाबा, आत्याला लग्न नकोय. तिने मला सांगितलंय." बाबांचा हात थांबला. त्यांनी अर्ध्या फेसाच्या तोंडाने आत्याला हाक मारली. ती पिशवी घेऊन निघायच्या तयारीत होती.

"ह्यां चेडू सांगता तां खरां काय गो?" ही पोरगी सांगतेय ते खरं का?

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती रागावेल, किंवा निदान हसेल. ती नुसती बघत राहिली, दवाखान्यात आणलेल्या जनावराकडे बघावं तशी. याला कुठे दुखतंय हे शोधत असल्यासारखी. मग म्हणाली, "तां सांगता तर तसांच." ती सांगते तर तसंच. आणि चपला घालून कामाला गेली. बाबांनी त्याच दिवशी नकार कळवला. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. रात्री जेवताना ते मला "वकीलसाहेब" म्हणाले.

पुढच्या रविवारी आत्या नेहमीसारखी पाट घेऊन आमच्यात बसली. साव्हियोने गोष्ट सुरू केली. रेवा उठली, योद्धा उठला, पाखरू खांद्यावर बसलं. "आणि बंड्या?" साव्हियोने विचारलं. आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बंड्या गेलो," ती म्हणाली.

"गेला म्हणजे? मेला?"

"मेलो नाय. गेलो. शिवेपलीकडे."

"शीव म्हणजे, सायनला?" साव्हियो गोंधळला. प्रमोदने त्याला समजावलं, अरे, शीव म्हणजे गावाची हद्द, हद्दीपलीकडे गेला. साव्हियो पानं चाळायला लागला, सोबती जनावर सोडून गेलं तर वाटाड्याचं काय होतं, त्याची अर्धी ताकद जाते की राहते, दुसरं जनावर कधी मिळतं. ते पान नव्हतंच. मी आत्याकडे बघत होते. ती सतरंजीवरचा एक धागा ओढत होती. मला काहीतरी खटकलं, पण काय ते मी कळून घेतलं नाही. ती हद्द म्हणाली की स्थळाचं गाव म्हणाली? प्रमोदचा सरळ अर्थ घ्यायचा, की साव्हियोचा चुकीचा? मी म्हटलं, "ठीक आहे, आम्ही पुढे जातो." पाखरू त्या दिवशी फार बोललं नाही.

आणखी दोन-तीन महिने खेळलो असू. मग परीक्षा आल्या, साव्हियोला मामाने जहाजावर लावून दिलं, प्रमोद बँकेत लागला. खेळ कुणी बंद केला नाही, तो पुढच्या रविवारवर ढकलत ढकलत संपला. आत्या पुन्हा खिडकीशी बसायला लागली. शुद्ध मराठी मी तिच्या तोंडून नंतर कधी ऐकली नाही. माझं लग्न झालं, मी दादरला आले. बाबा गेले, आई गेली. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आत्याला एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. आता ती सत्याहत्तर वर्षांची आहे, ऐकायला थोडं कमी येतं, बाकी ठणठणीत. दर गुरुवारी मी तिच्याकडे जाते. ती कुळथाची पिठी आणि भात करते, आम्ही जेवतो, तिथून समुद्राची एक बारीक पट्टी दिसते ती बघत बसतो.

लेकीने तो नियम दाखवला त्याच्या नंतरच्या गुरुवारी मी आत्याला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर येईल, ही भीती असावी.

"आत्ये, ते शीवचे परब. तुला तेव्हा हो म्हणायचं होतं का?"

तिने ताटातला भात कालवला. "माका कोणी इचारूकच नाय," ती म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही. "तू पाखराक इचारलंस. भावान तुजां आयकल्यान."

"बाबांनी तुला विचारलं होतं की. तीनदा."

"तेना इचारल्यान, काय तां सांग. ह्यां काय इचारणां झाला? मोरीत पाणी काढलां काय, तसां."

मी म्हटलं, "मग आता विचारते. तुला ते आवडले होते का?"

ती भाताचे घास करत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत आणि माझ्या शब्दांत मिसळून सांगते, कारण ऐकताना मी नीट ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते. नकार कळवल्यावर महिनाभराने परब दवाखान्यात आले. दोरीला एक कुत्रा बांधून. रांगेत उभे राहिले, नंबर आला तेव्हा आत्यासमोर बसले. तिने केसपेपर काढला. काय होतंय? जेवत नाही, ते म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं. कुत्रा धडधाकट होता, त्याच वेळी कुणाचा तरी बिस्किटाचा पुडा खात होता.

"मी इचारलंय, कुत्रो तुमचो? तर म्हणाले, नाय, आमच्या स्टेशनाभायर होतो. सकाळीच धरून हाडलंय."

"म्हणजे ते तुला बघायला आले होते!"

"तां माका काय ठाऊक? ते काय बोलूक नाय. मीय काय बोलूक नाय. मी केसपेपरावर लिवलंय, जनावर निरोगी. आणि सांगलंय, आता धरलात तर सोडू नका. दर वर्षी पावसाच्या आधी सुई देवक हाडा."

"मग आणला का त्यांनी?"

"हाडल्यानी ना. बारा वर्षां."

बारा वर्षं. मी दादरला संसार करत होते, बाबा निवृत्त झाले, आई आजारी पडली, आणि दर वर्षी मे महिन्यात एक माणूस शीवहून परळला एक कुत्रा घेऊन येत होता, रांगेत उभा राहत होता, आणि माझी आत्या त्याचा केसपेपर लिहीत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. मी तिला विचारलं, काय बोलायचात? ती म्हणाली, कुत्र्याबद्दल. वजन वाढलं, एक दात पडला, फटाक्यांना घाबरतो. एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, तुम्ही बऱ्या आहात ना? तिने सांगितलं, बरी आहे. त्या वर्षी तेवढंच.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग कुत्रो मेलो. म्हातारो झाललो."

"आणि ते? ते नंतर नाही आले?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनीही मला साधी गोष्ट कळत नाही, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"ते कित्याक येतले?" ती म्हणाली. "जनावर नाय, तर केसपेपर कोणाच्या नावान काढूचो?"